रकाना सातवा

बेतिओच्या धक्क्यामागे, पत्र्याखाली आमचं ऑफिस.
पंखा जनरेटरच्या मर्जीने फिरतो
आणि मी, एरितांग, मत्स्य खात्यातली कनिष्ठ कारकून,
वर्षभराचा समुद्र एका तक्त्यात बसवते.

यंदा कुपा माशाच्या रकान्यात आकडे मावेनात.
आलेखाची रेघ कागदाबाहेर जाऊ लागली
म्हणून साहेबांनी कागद आडवा करायला सांगितला.
केक आला. त्यावर क्रीमचा मासा.
माझ्या वाट्याला शेपूट.

कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनाच ठाऊक होतं:
मासा जिथे सापडतो तिथला नसतो,
जहाजावर बावटा ज्याचा, मासा त्याचा.
मागच्या नाताळापर्यंत चार जहाजं
आमच्याच पाण्यात जाळं आवळायची
आणि मोजली जायची दूर कुठल्या बर्फाळ देशात.
मग बावटे बदलले.
खलाशी तेच, जाळं तेच,
गोठणघरात पडणारा धप्प आवाजही तोच.
फक्त मासा आता मरताना
आमचा झाला.

तामुएरा, माझा दीर, त्याच जहाजांवर निरीक्षक.
दोन दोन महिने पाणी बघतो आणि लिहितो.
घरी आला की झोपेत त्याची बोटं हलतात,
अंगठा एकेका पेरावरून सरकत जातो,
करंगळीशी थांबतो, पुन्हा पहिल्यापासून.
जागा झाल्यावर विचारलं, किती झाले?
म्हणाला, कसले?

सातवा रकाना: घरगुती. किनाऱ्यावर धरलेलं, घरात खाल्लेलं.
हे कुणी तोलत नाही. तोलणार कशावर?
माझ्या आधीचा कारकून एक आकडा ठेवून निवृत्त झाला,
मी दरवर्षी त्यात थोडी भर घालते,
माणसं वाढली म्हणजे खाणंही वाढलं असेल, या हिशेबाने.
रकाना रिकामा दिसू नये एवढंच.

सासूबाई, नेई तेआरिना, ओहोटी लागली की खाजणात उतरतात.
डोळ्यांनी नाही, टाचेने शोधतात.
ते बुन, चिखलातला जाड खुबा, टाचेला कळतो.
पूर्वी बादली भरली की पाणी गुडघ्यांपर्यंत यायच्या आत परतायच्या.
आता पाणी कमरेला लागेपर्यंत थांबतात.
काल सात आणले.
मी मॅकरेलचा डबा फोडला,
डब्यावर एका अशा देशाचं नाव
ज्याचा समुद्र मी कधी मोजलेला नाही.

आमच्या घरात टरफल फेकत नाहीत, अंगणात दाबतात,
चिखल होऊ नये म्हणून.
सासूबाई या घरात आल्या तेव्हा दारापासून सुरुवात झाली.
दाराशी आहेत ते मुठीएवढे,
पाय ठेवला तर तळव्याला खोलगट लागतात.
पाण्याच्या टाकीजवळ बोरांएवढे... नाही,
उगाच कमी करू नये: लिंबांएवढे.
बोरांएवढे रस्त्याकडे.
मी रोज संध्याकाळी रस्त्यावरून दाराकडे चालत येते,
अनवाणी, चपला हातात,
आणि घरी पोचेपर्यंत सगळं पूर्वीसारखं होतं.

काल रात्री ऑफिसची मोजपट्टी घेऊन बसले होते तिथे.
सासूबाई कंदील धरून आल्या.
काय हरवलं?
काही नाही म्हटलं.
मग खाली वाकून काय बघतेस,
त्यांनी कालचे सात ओतले
आणि टाचेने दाबत गेल्या, रस्त्याच्या अगदी कडेला.
पुढे आता जागा नाही, डांबर आहे.

त्यातला एक माझ्या चपलेला चिकटून ऑफिसात आला.
मी तो आडव्या कागदावर ठेवला,
वाऱ्याने उडू नये म्हणून.
अकराला जनरेटर लागला, पंखा फिरला.
कागद उडाला.
तेवढ्याशा वजनाने काय होणार.